वर्षाची यादी वेगळी, सुट्टीची यादी वेगळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरात साठ-सत्तर चित्रपट पाहिले, ॲपवर प्रत्येकाला स्टारही दिले, पण डिसेंबरात ‘पहिले दहा’ काढायला बसलं की निम्मे चित्रपट साडेतीन नाहीतर चार स्टारवाले निघतात आणि क्रम काही लागत नाही. शिवाय सुट्टीत घर पाहुण्यांनी भरणार आहे, तेव्हा याच दहातले चार-पाच सगळ्यांनी मिळून बघायचे आहेत. तर क्रमवारी लावायची कशी?

आमच्या फिल्म सोसायटीची वार्षिक यादी बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. स्टारची अडचण आहेच, तिच्याकडे येतो. पण खरी गोम तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. वर्षातले उत्तम दहा आणि सुट्टीत घरच्यांबरोबर बघायचे पाच, या दोन याद्यांचं एकमेकींशी फारसं नातं नाही. एकीतून दुसरी काढायला गेलात तर दोन्ही बिघडतात. वर्षाच्या यादीत तुम्ही नकळत ‘सगळ्यांना चालतील’ असे चित्रपट वर ढकलता, आणि सुट्टीत सासूबाईंना दोन तास पंचवीस मिनिटं इराणी मौन बघायला लावता.

आधी वर्षाची यादी. तिच्यात सगळ्यात पहिल्यांदा ठरवायचं ते वर्ष म्हणजे काय. हसू नका, आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ला पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २०१९ या वर्षासाठीचा, जाहीर झाला २०२१ मध्ये, आणि चित्रपट थिएटरला लागला १८ ऑक्टोबर २०२४ ला. छत्रपाल निनावे यांचा ‘घात’ बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला २०२३ मध्ये, आपल्याकडे आला २७ सप्टेंबर २०२४ ला. ‘लापता लेडीज’ टोरांटोला २०२३ च्या सप्टेंबरात, इथे १ मार्च २०२४ ला. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ही टोरांटोला २०२३ मध्येच होता, महाराष्ट्रात उतरला मार्च २०२५ मध्ये. मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर हे अंतर नेहमीचंच आहे. महोत्सवात नाव होतं, मग वितरक मिळेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं.

माझा नियम साधा आहे. तुम्ही राहता तिथल्या सामान्य प्रेक्षकाला तिकीट काढून किंवा घरी अधिकृतपणे चित्रपट ज्या वर्षी पहिल्यांदा बघता आला, ते त्याचं वर्ष. नोव्हेंबरात पणजीला जाऊन इफ्फी या चित्रपट महोत्सवात नऊ दिवस रोज चार-चार चित्रपट पाहणाऱ्यांना हा नियम आवडत नाही, कारण त्यांचे निम्मे चित्रपट पुढच्या वर्षात ढकलले जातात. ढकलू द्या. महोत्सवात दिवसाचा चौथा चित्रपट पाहताना डोकं ठिकाणावर नसतं. तोच पुन्हा नीट पाहायला मिळाला तर चित्रपटाचंही भलं होतं. तुम्ही पुण्यात राहता की न्यू जर्सीत, यावरून तारखा बदलतील. तिथली तारीख धरा, फक्त मध्येच नियम बदलू नका.

आणि जुने चित्रपट, जे तुम्ही यंदा पहिल्यांदा पाहिले, त्यांची यादी वेगळी ठेवाच. खरं सांगायचं तर सोसायटीत वाचायला मला तीच जास्त आवडते. माणसाने वर्षभर काय पाहिलं यापेक्षा काय शोधलं ते तिच्यात कळतं.

आता स्टार. ते निरुपयोगी का ठरतात? फेब्रुवारीतले चार स्टार आणि नोव्हेंबरातले चार स्टार एकाच मापाने दिलेले नसतात. चांगल्या मित्रांबरोबर भरल्या थिएटरात पाहिलेल्या विनोदी चित्रपटाला त्या रात्री अर्धा स्टार जास्त पडतो, मंगळवारी रात्री अकराला लॅपटॉपवर पाहिलेल्याला अर्धा कमी. म्हणून आम्ही सभासदांना स्टारऐवजी तीन ओळी लिहायला सांगतो, त्याच रात्री: मनात राहिलेला एक प्रसंग, एक तक्रार, आणि कुठे-कोणाबरोबर पाहिला. मग साधारण महिन्याभराने त्याच्याखाली एक ओळ: आता काय उरलंय? ही चौथी ओळ पहिल्या तिन्हींपेक्षा महत्त्वाची. पुष्कळ वेळा तिथे लिहायला काही सुचतच नाही, आणि मग त्या चित्रपटाचं काय करायचं ते आपोआप ठरतं.

क्रम लावताना सत्तर चित्रपट समोर मांडून बसू नका. एका वेळी दोनच घ्या. पहिले दोन, त्यात कुठला वर ते ठरवा. पुढे यादी वाढली की नव्याला यादीतल्या मधल्याशी भिडवा. वर गेला तर वरच्या अर्ध्यात, खाली गेला तर खालच्या अर्ध्यात पुन्हा तेच. दहांच्या लावलेल्या यादीत नवा चित्रपट बसवायला अशा जास्तीत जास्त चार लढती लागतात, जास्त नाही. वर्षभर हे चालू ठेवलं तर डिसेंबरात काम उरतच नाही. आमचे काही सभासद डिसेंबरातच सगळं एकदम करतात आणि त्यांच्या यादीत हमखास ऑक्टोबर-नोव्हेंबरचे चित्रपट वर येतात. ताजं ते गोड लागतं, दुसरं काही नाही. यावर उपाय म्हणजे यादी जानेवारीच्या शेवटी जाहीर करणं. एकतीस डिसेंबरची घाई वर्तमानपत्रांना असते, तुम्हाला कशाला?

दोन चित्रपट भिडवताना प्रश्न कुठला विचारायचा, यावर निकाल फिरतो. ‘कुठला परत बघायला आवडेल?’ हा प्रश्न मी वर्षाच्या यादीसाठी मुद्दाम विचारत नाही. त्याने हलके, गोड चित्रपट वर येतात. मी विचारतो: यातला कुठला बनलाच नसता तर हे वर्ष जास्त ओकंबोकं वाटलं असतं? पहिला प्रश्न सुट्टीच्या यादीसाठी राखून ठेवा, तिथे त्याचंच राज्य आहे.

उदाहरण म्हणून माझं २०२४ सांगतो. ते वर्ष आता पुरेसं मागे पडलंय, त्यामुळे त्यातला चकचकाट उतरलाय.

पहिला पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट गेला आणि ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी तो पहिला नाही. मुंबईत राहून मुंबईत नसणं, ही गोष्ट इतक्या कमी आवाजात कोणी सांगितली नव्हती. छाया कदम यांची पार्वती बघा. इस्पितळात स्वयंपाक करणारी बाई, चाळीत उभा जन्म गेला, पण खोली आपली आहे हे सांगणारा कागद नाही; बिल्डरच्या टॉवरपुढे तिचा आवाज चालत नाही आणि ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या गावी निघून जाते. गिरणगावात ज्यांची माणसं राहिली आहेत त्यांना या कागदाच्या शोधाबद्दल वेगळं सांगायला नको. चित्रपट मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत वावरतो आणि शेवटचा मोठा भाग कोकणच्या समुद्राकाठी घडतो, तरी मराठी प्रेक्षकांनी त्याला ‘मल्याळम पिक्चर’ म्हणून बाजूला ठेवलं, याची मला अजून चुटपुट आहे.

दुसरा ‘मेयळगन’, सी. प्रेमकुमार यांचा तमिळ चित्रपट. वडिलोपार्जित घर भाऊबंदकीत गेलं म्हणून तंजावर सोडलेला माणूस वीस-बावीस वर्षांनी एका लग्नासाठी परततो. तिथे एक नातेवाईक त्याच्या गळ्यात पडतो, रात्रभर त्याचे लाड करतो, आणि या बिचाऱ्याला त्या नातेवाइकाचं नावच आठवत नाही. बस, एवढंच. अरविंद स्वामी आणि कार्ती तास-तास बोलत बसतात. प्रदर्शित झाल्यावर लांबी कमी करण्यासाठी काही मिनिटं कापली गेली. मला मूळ लांबीच हवी होती, पण तो माझा हट्ट.

तिसरा ‘भ्रमयुगम’. संपूर्ण कृष्णधवल, एक पडका वाडा, मोजकी माणसं, आणि मामूटी. सत्ता माणसाला कशी चिकटते याची भयकथा आहे. चौथा ‘घात’: गडचिरोलीचं जंगल, पोलीस, नक्षलवादी आणि मधे अडकलेली गावं. त्याच शुक्रवारी ‘धर्मवीर २’ थिएटरला आला आणि त्या गर्दीत ‘घात’चे शो सापडणं कठीण झालं. पाचवा ‘लापता लेडीज’, सहावा ‘पाणी’. मराठवाड्यातल्या नागदरवाडीच्या पाण्याची गोष्ट. उत्तरार्धात ती जरा सरळ रेषेत जाते, नाहीतर वर असती. सातव्यापासून पुढचा क्रम मी विचारलात तर सांगेन, पण उद्या विचारलात तर वेगळा सांगेन. पहिल्या पाचांपर्यंत क्रमाला अर्थ असतो, त्यापुढे तो मनाचा खेळ.

क्रम अजिबात नको असेल तर तसंही करता येतं, आणि त्याला मोठा आधार आहे. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना दहा चित्रपट विचारतं. प्रत्येकाने फक्त दहा नावं द्यायची. पहिलं काय आणि दहावं काय, प्रत्येकाला एकच मत. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा ‘जान दीलमान’, जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसांतही नव्हता. मतदार दुपटीच्या आसपास वाढवले, वेगळ्या देशांतले, वेगळ्या पिढीचे घेतले, आणि यादी हलली. ‘पथेर पांचाली’ त्यात पस्तिसाव्या क्रमांकावर आहे. सर्वोत्तम कोण हे कोणाला विचारलं त्यावर ठरतं, हे एवढ्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आता सुट्टीची यादी. तिचा नियम समजून घ्यायला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची कहाणी पुरते. फ्रँक काप्रा यांचा हा चित्रपट १९४६ च्या डिसेंबरात आला. त्या वर्षी उत्तम चित्रपटाचं ऑस्कर ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ला गेलं, काप्रांच्या वाट्याला स्पर्धेतलं एकही आलं नाही, धंदाही बेताचा. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. १९७४ मध्ये तो नोंदवायचा राहिला. झालं, टीव्ही केंद्रांना नाताळात दाखवायला एक फुकटचा चित्रपट मिळाला आणि त्यांनी तो वर्षानुवर्षं, दिवसातून अनेकदा दाखवला. १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांच्या जोरावर मालकांनी तो पुन्हा ताब्यात घेतला, तोवर तो घराघरातल्या नाताळचा भाग झाला होता. म्हणजे कागदपत्रांतल्या एका चुकीने तो सणाचा चित्रपट झाला. चांगला होता म्हणून टिकला हे खरं, पण चांगले चित्रपट पुष्कळ असतात. हा दरवर्षी समोर आला.

सुट्टीचा चित्रपट असा घडतो, पुन्हा पुन्हा बघून. प्रदर्शनाची तारीख काहीही असो. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ हा सांताक्लॉजवरचा चित्रपट १९४७ च्या ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर लावला, कारण स्टुडिओप्रमुख झानुक यांचं म्हणणं, उन्हाळ्यात लोक जास्त पिक्चर बघतात. ‘डाय हार्ड’ १९८८ च्या जुलैचा. तो नाताळचा चित्रपट आहे की नाही यावर अमेरिकेत दर डिसेंबरात जुंपते. आपल्याकडे ‘घरत गणपती’ २६ जुलै २०२४ ला आला आणि गणपती बसले ७ सप्टेंबरला. कोकणातलं घर, वर्षातून एकदा जमणारं कुटुंब, जुनी मानापमानं. २०२४ च्या माझ्या पहिल्या दहात तो नाही, गोष्ट फार सरळ आहे. पण गौरी-गणपतीत तो घराघरात लागत राहिला तर दहा वर्षांनी सुट्टीच्या यादीत तो ‘घात’च्या कितीतरी पुढे असेल, आणि मला त्यात काही वावगं वाटणार नाही.

मराठीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण अर्थातच ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ चा, सचिन यांनी दिग्दर्शित केलेला, वसंत सबनीसांनी लिहिलेला. मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’चं, त्याच्याही मागे एक बंगाली चित्रपट. पण आज ते कोणाला आठवतं? टीव्हीवर तो इतक्या वेळा लागला की त्याचं पहिलं दर्शन कधी झालं हे सांगता येणारी माणसं थोडी, आणि संवाद पात्राच्या आधी म्हणणारी माणसं घरोघर. अमुक चित्रपट सुट्टीचा आहे असं त्याच्या पहिल्याच वर्षी जाहीर करणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही. तुमच्या या वर्षीच्या दहांतून फार तर एक उमेदवार घ्या. बाकीचे जुने असू द्या.

घरात निवड कशी करायची? हात वर करून मतदान नको. नऊ माणसं आहेत असं धरा. चौघांना मारधाडीचा हवा, तिघांना विनोदी, दोघांना जुना संगीतमय. हात मोजले तर मारधाड जिंकते आणि पाच जण तोंड वाकडं करून बसतात. त्याऐवजी प्रत्येकाला तिन्हींचा क्रम विचारा. सगळ्यात कमी मतं संगीतमयला, तो बाद. त्या दोघांची दुसरी पसंती विनोदी असेल तर त्यांची मतं तिकडे जातात आणि विनोदी पाच विरुद्ध चारने जिंकतो. ऑस्करमध्ये उत्तम चित्रपट २००९ पासून याच पद्धतीने निवडतात. तिच्यात धारदार, काहींना जिवापाड आवडणारा आणि काहींना अजिबात न सोसणारा चित्रपट मागे पडतो, बहुतेकांना दुसऱ्या नंबरवर चालणारा पुढे येतो. उत्तम चित्रपट निवडायला ही पद्धत कितपत योग्य, यावर मी तासभर वाद घालू शकतो. दिवाळीत दिवाणखान्यात मात्र ती अगदी बरोबर आहे. भर एवढीच घालतो: घरातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान माणसाला एकेक नकाराधिकार द्या.

बाकी गोष्टी छोट्या आहेत, पण चित्रपट याच पाडतात. दुपारच्या जेवणानंतर अडीच तासांचा लावू नका, निम्मं घर घोरेल. उपशीर्षकं वाचायला आजी-आजोबा आणि सात वर्षांचं पोर, दोघांनाही जमत नाही. मध्यंतर स्वतः घ्या, चहासकट. ज्याने चित्रपट आधी पाहिलाय त्याने तोंड बंद ठेवायचं. फक्त बनवाबनवीला यातून सूट.

आणि माझी यादी, क्रमाशिवाय. पोरं लहान असतील तर मियाझाकी यांचा ‘माय नेबर तोतोरो’, शहाऐंशी मिनिटांचा. त्यात खलनायकच नाही, आणि तरी मुलं हलत नाहीत. जरा मोठ्यांसाठी परेश मोकाशी यांचे दोन, ‘एलिझाबेथ एकादशी’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दुसऱ्यात भारतातला पहिला कथापट बनवण्यासाठी फाळक्यांच्या घरातलं सामान विकलं जातं आणि घर हसत असतं. तीन पिढ्या एकत्र असतील तर ‘कट्यार काळजात घुसली’. तो २०१५ च्या दिवाळीत, सलमान खानच्या ‘प्रेम रतन धन पायो’च्याच दिवशी लागला आणि टिकला. आजोबांनी मूळ दारव्हेकरांचं नाटक पाहिलेलं असतं, आईला अभिषेकीबुवांची गाणी पाठ, मुलांना शंकर महादेवन माहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपला धागा सापडतो. नव्यातला उमेदवार म्हणून मी २०२४ मध्ये ‘मेयळगन’ लावला असता, रात्री जेवणं झाल्यावर, उपशीर्षकं वाचू शकणाऱ्यांपुरता; सुट्टीला गावी गेलेल्या माणसाला तो नेमका लागतो. ‘ऑल वुई इमॅजिन’ पोरांबरोबर बघायचा नाही, तो नंतर एकट्याने किंवा दोघांनी पाहा.

एकतीस डिसेंबरला पाहुणे झोपल्यावर, फक्त मोठ्यांसाठी, बिली वाइल्डर यांचा १९६० चा ‘दि अपार्टमेंट’. नोव्हेंबरपासून नव्या वर्षाच्या रात्रीपर्यंतची गोष्ट आहे, मधे ऑफिसातली नाताळची पार्टी; लांबी दोन तासांच्या थोडी वर. दहाच्या आत सुरू केलात तर बाहेर फटाके वाजायच्या आधी संपेल.